एडीए ९६, पण टीबी नाही: छातीत पू झालेल्या एका द्राक्षबागायतदाराचं प्रकरण

हे प्रकरण मांडायचं कारण एका रिपोर्टातला एक आकडा आहे. छातीतल्या पाण्याची एडीए ही टीबीची शंका पडताळणारी तपासणी ९६ आली आणि तेवढ्यावरून निफाड तालुक्यातल्या ५२ वर्षांच्या एका द्राक्षबागायतदाराला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच पानावर आणखी दोन आकडे होते आणि ते वेगळंच सांगत होते. छातीत पाणी झालं की आपल्याकडे टीबीचा विचार आधी येतो. तो यायलाच हवा, टीबी आपल्या गावागावांत आहे. पण त्या एका आकड्यावर निदान थांबलं आणि उजव्या छातीत पू साठत राहिला.

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही वैयक्तिक तपशील गाळले आहेत. त्यांना इथं भाऊ म्हणतो. वॉर्डातही सगळे त्यांना तेच म्हणत.

सुरुवात

ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकत आली होती. एका संध्याकाळी भाऊंना हुडहुडी भरून ताप आला आणि उजव्या कुशीत चमक निघू लागली. श्वास घेतला की चमक, खोकलं की चमक. छाटणीच्या दिवसांत पाठ-कंबर धरणं नवं नाही, म्हणून घरच्यांनी उसण भरली असं धरलं, तेल लावून चोळलं, शेकलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात सलाईन लागलं, अमिकॅसिनची इंजेक्शनं आणि लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मिळाल्या. ताप उतरला. गोळ्या संपल्या तसा पुन्हा चढला. मात्र कुशीतली चमक कमी झाली होती, त्यामुळं दुखणं मागं हटतंय असं सगळ्यांना वाटलं.

इथं जरा थांबायला हवं, कारण चमक कमी होणं हे या आजारात फसवं असतं. फुफ्फुसाला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते बरगड्यांच्या आतून लागलेलं आवरण. न्यूमोनिया आवरणापर्यंत पोचला की दोन सुजलेले पडदे श्वासागणिक एकमेकांवर घासतात आणि चमक निघते. मधे पाणी साठलं की पडदे लांब होतात, घासणं थांबतं, वेदना उतरते. आजार तेव्हा पुढं गेलेला असतो. चमकेच्या जागी धाप येते, कुशीवर झोपवत नाही, अंगातली कणकण जात नाही. ताप आणि श्वासागणिक कुशीत चमक हे दोन्ही एकत्र असेल तर ती उसण समजू नये, छातीचा एक्स-रे काढावा.

भाऊंचा एक्स-रे नवव्या दिवशी निघाला. उजवीकडे निम्म्याच्या आसपास पाणी. तालुक्याच्या एका छोट्या रुग्णालयात सुईनं ४०० मिलिलिटर गढूळ पिवळं पाणी काढलं, तपासणीला पाठवलं आणि रुग्णाला घरी सोडलं. रिपोर्ट आला, एडीए ९६ दिसला, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल झाली, मळमळ सुरू झाली, जेवण तुटलं. ताप मात्र होता तसाच राहिला. घरी सांगितलं होतं की टीबीचा ताप उतरायला वेळ लागतो. हे खरं आहे, म्हणूनच त्यांनी वाट पाहिली.

नाशिकला आले तेव्हा आजाराला जवळपास चार आठवडे झाले होते. मुलगा ओझरला नोकरीला, त्यानंच गाडी करून आणलं. नाडी १२२, रक्तदाब १००/६०, श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजन ९१, ताप १०१.८. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. उजव्या बाजूला खालपर्यंत ठोकून पाहिलं तर दगडासारखा ठस्स आवाज, श्वासाचा आवाज जवळजवळ नाही. त्यांच्या पत्नी पलंगाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, टीबीचं औषध चालू आहे ना, मग ह्यांचा ताप का उतरंना?"

या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता.

जुन्या फाइलचं वाचन

पाण्याचा रिपोर्ट फाइलमध्ये होता. प्रथिनं ५.१, म्हणजे संसर्गाचं किंवा तशाच सुजेचं पाणी. हृदय किंवा मूत्रपिंड थकल्यामुळं झिरपलेल्या पाण्यात प्रथिनं इतकी नसतात. पेशी ६८००, त्यांतल्या ८८ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे साध्या जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. साखर २८. एडीए ९६.

एडीए हे एक एन्झाइम आहे. टीबीच्या पाण्यात ते वाढतं, कारण टीबीशी लढणाऱ्या पेशी तिथं गर्दी करतात. ४० युनिटच्या वर गेलं, पाण्यात बहुतांश लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असले आणि रुग्णाची हकीकत जुळत असली, तर आपल्या देशात त्या आकड्याला मोठं वजन आहे. सुई घालून काढलेल्या पाण्यात टीबीचे जंतू क्वचितच सापडतात, म्हणून ही तपासणी उपयोगाची ठरली आणि स्वस्तही आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण हेच एन्झाइम इतर पेशींतही असतं. जिथं पांढऱ्या पेशी ढिगानं मरतात, तिथं ते पाण्यात उतरतं. साध्या जंतूंमुळं झालेल्या पुवात एडीए शंभरच्या पुढं, कधीकधी कितीतरी पुढं जातो. म्हणजे ९६ या आकड्याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ होतात, आणि कुठला घ्यायचा हे शेजारचा पेशींचा आकडा सांगतो. लिम्फोसाइट जास्त असतील तर टीबीकडे कल. न्यूट्रोफिल ८८ टक्के असतील तर आधी पुवाचा विचार. एन्झाइमचा कुठला उपप्रकार वाढलाय हे तपासता येतं, पण ती सोय बहुतेक ठिकाणी नाही. पेशींचा आकडा मात्र प्रत्येक रिपोर्टात फुकट मिळतो.

टीबीतही अगदी पहिल्या दिवसांत न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात, आणि टीबीचा खराखुरा पूही छातीत होतो. त्यामुळं न्यूट्रोफिल पाहून टीबी कायमचा खोडता येत नाही. खोडायचा तर पुरावा लागतो, तो आम्ही पुढं मिळवला.

दुसरा आकडा साखरेचा. छातीतल्या पाण्यातली साखर साधारण रक्ताच्या बरोबरीनं असते. ती ६० च्या खाली गेली की जंतू आणि पेशी मिळून ती खाऊन टाकतायत असा अर्थ लागतो, आणि अशा पाण्यात नळी टाकून ते सतत वाहतं करावं लागतं. इथं ती २८ होती. शिवाय भाऊंच्या रक्तातली साखर तोपर्यंत कुणी पाहिलीच नव्हती. आम्ही पाहिली तेव्हा ती ३८६ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी ११.४. दोन्ही साखरा वेगवेगळ्या दिवशीच्या आहेत, त्यामुळं थेट तुलना करत नाही. पण रक्तात साखर तुडुंब असणाऱ्या माणसाच्या छातीत ती २८ वर येते, तेव्हा आत केवढी झुंज चालू असेल!

नवव्या दिवशी, पाणी अजून पातळ होतं तेव्हा, बारीक नळीनं ते निघून गेलं असतं अशी दाट शक्यता होती. पू होण्याच्या तीन पायऱ्या मानतात. आधी पातळ पाणी. मग त्यात फायब्रिन या चिकट प्रथिनाचे धागे-पडदे पडून कप्पे होतात. आणि काही आठवड्यांनी फुफ्फुसावर जाड आवरण बसतं, जे फुफ्फुसाला फुलूच देत नाही. या पायऱ्यांना ठरलेल्या तारखा नसतात. कुणी चार दिवसांत दुसरी गाठतो, कुणी दोन आठवडे पहिलीवरच असतो. पण रुग्ण पुढं सरकतो तसे इलाज जड होत जातात.

सुई, सोनोग्राफी, आणि दात

पलंगाशीच सोनोग्राफी केली. पडद्यावर डाळिंब मधोमध कापल्यावर दिसावेत तसे कप्पे दिसले, मधल्या पातळ पडद्यांनी एकमेकांपासून तुटलेले. एक्स-रेमध्ये हे दिसत नाही, तिथं सगळं एकसलग पांढरं असतं. उजवी बाजू असल्यामुळं यकृतही नीट पाहिलं. आपल्याकडे यकृतातला अमिबाचा गळू डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, फोडून छातीत उतरल्याची उदाहरणं आहेत, आणि तो पू तपकिरी, चॉकलेटसारख्या रंगाचा असतो. यकृत स्वच्छ होतं.

सोनोग्राफीत पाहतच सर्वांत मोठ्या कप्प्यात सुई घातली. सिरिंजमध्ये दाट, पिवळट-हिरवा पू आला आणि खोलीभर दुर्गंधी पसरली. ही दुर्गंधी निदानाची एक महत्त्वाची खूण आहे. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू, अॅनेरोब, असतील तरच असा वास येतो. टीबीच्या पुवाला तो नसतो.

पाणी पातळ असतं तर त्याचा पीएच पाहिला असता. ७.२ च्या खाली पीएच असेल तर नळी टाकतात. ती तपासणी रक्तातल्या वायूंच्या यंत्रावर, हेपरिनच्या सिरिंजमधून, हवेचा बुडबुडा न ठेवता करायची असते. हवा राहिली तर पीएच खोटा वाढतो आणि भूल दिलेलं लिग्नोकेन मिसळलं तर खोटा घटतो. डोळ्यांना पू दिसतोय म्हटल्यावर पीएचची गरजच नसते, आणि पुवानं यंत्र तुंबतं ते वेगळंच.

पू तीन ठिकाणी गेला: साध्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, आणि थेट पलंगाशेजारी ब्लड कल्चरच्या दोन बाटल्यांमध्ये, एक हवेची आणि एक बिनहवेची. ही शेवटची युक्ती सोपी आहे, पण फार ठिकाणी वापरली जात नाही. छातीतल्या पुवाच्या नेहमीच्या कल्चरमध्ये बऱ्याचदा काहीच उगवत नाही, बाटलीत जंतू सापडण्याचं प्रमाण वाढतं. भाऊंच्या बाबतीत तर आधीच लेव्होफ्लॉक्सासिन आणि टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन पोटात गेलं होतं. दोन्ही औषधं साध्या जंतूंनाही मारतात, म्हणजे पुरावाही अर्धवट पुसतात. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीलाही अर्धवट दाबतं, म्हणून टीबीची शंका असताना ते सहज देऊ नये.

साध्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. बाटलीत उगवलं: मिलेरी गटातले स्ट्रेप्टोकॉकस, सोबत अॅनेरोब. हे जंतू माणसाच्या तोंडात राहणारे आहेत.

मग तोंड उघडून नीट पाहिलं. भाऊ माळकरी, दारूचा थेंब नाही. पण मिश्री वर्षानुवर्षांची. उजव्या खालच्या दोन दाढांची नुसती मुळं उरलेली, हिरड्यांतून पू. झोपेत तोंडातली लाळ थोडी थोडी फुफ्फुसात उतरते, ती सगळ्यांच्याच उतरते. तिच्यात या जंतूंचा मारा असेल आणि रक्तातल्या साखरेनं प्रतिकार खचला असेल, तर तळाच्या भागात न्यूमोनिया होतो आणि तिथून आवरणात पोचतो. भाऊंना मधुमेह आहे हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. छातीत पू घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे दात पाहावेत आणि साखर तपासावी, असं मला ठामपणे वाटतं. दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागतात.

गावात दिलेल्या अमिकॅसिनबद्दल एक शब्द. ते चांगलं औषध आहे, पण पुवाच्या आम्लात आणि ऑक्सिजनच्या अभावात ते निकामी होतं, आणि अॅनेरोबवर त्याचा कधीच परिणाम नसतो. छातीतल्या पुवासाठी ते निवडू नये.

टीबीच्या गोळ्या थांबवणं

हा निर्णय आमच्यासाठी शस्त्रक्रियेच्या निर्णयापेक्षा जड होता. टीबीचं औषध मधेच सोडू नये, हे आपण गेली कित्येक दशकं लोकांच्या मनावर बिंबवलंय आणि ते योग्यच आहे. आता आम्हीच ते बंद करा म्हणत होतो. मुलगा म्हणाला, "साहेब, मधेच सोडलं तर बिघडलेला टीबी होतो म्हणतात."

त्याला फाइल उघडून दाखवली. टीबीचा जंतू कुठल्याच तपासणीत सापडलेला नाही. पेशी, साखर, वास, उगवलेले जंतू, सगळं दुसरीकडे बोट दाखवतंय. यकृताचं एन्झाइम एसजीपीटी १४८ वर गेलंय, म्हणजे गोळ्या यकृताला झेपत नाहीत. पुवाची सीबीनॅट निगेटिव्ह आली होती, पण तिच्यावर आम्ही फार भर दिला नाही. छातीच्या पाण्यात ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आली तर टीबी नाही असं तिच्या जोरावर म्हणता येत नाही. म्हणून ठरवलं की गोळ्या थांबवायच्या, पण टीबीची फाइल बंद करायची नाही. आवरणाचा तुकडा मिळाला की तो तपासू, टीबी सापडला तर औषध पहिल्यापासून सुरू करू. रुग्णाची नोंद निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर झालेली होती, त्यामुळं क्षयरोग केंद्रालाही हे लेखी कळवलं. खासगी डॉक्टरांनीही टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवायचा हा नियम २०१२ पासून आहे. निदान बदललं तर तेही कळवायला हवं, नाहीतर आरोग्यसेविका घरी येऊन विचारत राहते आणि कुटुंब दोन डॉक्टरांच्या मधे अडकतं.

नळी

सीटी स्कॅन केला. आवरणाचे दोन्ही पडदे वेगवेगळे, जाड आणि डायमुळं उजळलेले दिसत होते, मधे पू. फुफ्फुसात गळू नव्हता, श्वासनळीत गाठ किंवा अडकलेला पदार्थ नव्हता. हे पाहणं गरजेचं असतं, कारण गाठीमागे साठलेला न्यूमोनियाही असाच पू करतो.

काखेखालच्या सुरक्षित भागातून, सोनोग्राफीत पाहत, १४ नंबरची पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली बारीक, नळी टाकली. जाड नळीच हवी असा आग्रह बऱ्याच ठिकाणी असतो. बारीक नळीनं परिणाम कमी मिळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, दुखतं मात्र निश्चित कमी. अट एवढीच की दर सहा तासांनी ३० मिलिलिटर सलाईननं ती धुवायची, नाहीतर पुवानं तुंबते. हे काम नर्सिंगचं, आणि त्या रात्रपाळीतल्या सिस्टरांनी ते एकदाही चुकवलं नाही. पहिल्या दिवशी ६५० मिलिलिटर पू निघाला. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक आणि इन्सुलिन सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी चित्र असं: नळीतून दिवसाला जेमतेम ६० मिलिलिटर, ताप १०१, रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी २६८ वरून २१४, एक्स-रे जवळपास तसाच. नळी उघडी होती, जागेवर होती. एक कप्पा रिकामा झाला होता, बाकीचे भरलेले होते.

औषध की शस्त्रक्रिया

कप्प्यांचे पडदे विरघळवणारी औषधं नळीतून आत सोडता येतात. २००५ साली ब्रिटनमधल्या साडेचारशे रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजनं मृत्यू किंवा शस्त्रक्रिया कमी झाल्या नाहीत. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात, २१० रुग्णांवर, टीपीए आणि डीएनेज ही जोडी वापरली. एक औषध धागे तोडतं, दुसरं मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळं आलेला दाटपणा पातळ करतं. एकेकट्यानं काही साधलं नाही, जोडीनं मात्र तीन महिन्यांत शस्त्रक्रियेकडे पाठवाव्या लागणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४ वर आलं. आपल्याकडे ही जोडी महाग पडते, म्हणून स्ट्रेप्टोकायनेज किंवा युरोकायनेज अजून वापरलं जातं.

भाऊ दुसऱ्या आठवड्यात आले असते तर ही जोडी मी आधी सुचवली असती, खर्च धरूनही. चौथ्या आठवड्यात, सीटीवर आवरण इतकं जाड दिसत असताना, आणखी तीन दिवस त्यात घालवणं पटेना. छातीच्या सर्जनांनी स्कॅन पाहून तेच सांगितलं. शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मंजूर झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देणारी ही योजना नसती तर त्यांनी बागेवर कर्ज काढलं असतं, असं मुलानं सांगितलं.

भाऊंना भीती वेगळी होती. "छाती फाडली तर पंप उचलता येईल का?" त्यांना खरं तेच सांगितलं: दुर्बिणीनं तीन छिद्रांतून सुरू करतील, आवरण फार चिकटलं असेल तर छेद वाढवावा लागेल, दुखेल, आणि दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. पण आवरण तसंच ठेवलं तर ती बाजू आकसत जाईल, आणि जंतू आतच राहतील. ते म्हणाले, "मग करा. माल निघायच्या आत उभं राहायला पाहिजे."

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.१ वर, म्हणजे फार खाली, होतं. महिनाभर पोटात काही टिकलं नव्हतं. अंडी चालणार नाहीत, माळकरी. आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी मग दूध, ताक, पनीर, मोड आलेले मूग आणि शेंगदाण्याचं कूट यांतून प्रथिनांचं गणित बसवलं, वर प्रोटीन पावडर. पुवाच्या इलाजात आहार हा नंतरचा भाग समजतात, ते बरोबर नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या सुमाराला, अमेरिकी लष्कराच्या छावण्यांत छातीत पू होऊन सैनिक मरत होते. डॉक्टर घाईनं छाती उघडत, हवा आत जाई, फुफ्फुस बसे. एव्हर्ट्स ग्रॅहम ज्यात होते त्या लष्करी समितीनं तीन गोष्टी सांगितल्या: सुरुवातीला बंद पद्धतीनंच पू काढा, पोकळी भरून आणा, आणि रुग्णाला नीट खाऊ घाला. तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू पाच टक्क्यांच्या आत आले, आणि तेही प्रतिजैविकं नसलेल्या काळात.

शस्त्रक्रियेत

भूलतज्ज्ञांनी दोन मार्गांची नळी घालून फक्त डाव्या फुफ्फुसावर श्वास चालू ठेवला. दुर्बिणीतून वरचे कप्पे फोडता आले, पू धुऊन निघाला. खाली, डायफ्रॅमजवळ, आवरण पाच-सहा मिलिमीटर जाड आणि घट्ट होतं. तिथं छेद वाढवावा लागला. असं झालं की दुर्बिणीची शस्त्रक्रिया फसली असं नातेवाईकांना वाटतं. तसं नसतं. आवरण उतरवताना फुफ्फुस फाटू नये म्हणून सर्जन तो निर्णय घेतात. शेवटी भूलतज्ज्ञांनी उजव्या बाजूला हवा सोडली आणि महिनाभर दबून राहिलेला खालचा भाग हळूहळू फुलून बरगड्यांना टेकला. दोन जाड नळ्या ठेवून छाती बंद केली.

उतरवलेलं आवरण हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), सीबीनॅट आणि टीबीच्या लिक्विड कल्चरला गेलं. सगळं फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवलं तर कल्चर होत नाही, जंतू मरतात. एक तुकडा सलाईनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. हे थिएटरमध्ये आधी सांगून ठेवलं नाही तर हमखास राहून जातं.

पहिले चार दिवस नळीतून हवेचे बुडबुडे येत होते, पाचव्या दिवशी थांबले. पाठीतून वेदनाशामक सुरू होतं, म्हणून भाऊ खोकू शकत होते आणि श्वासाच्या व्यायामाच्या तीन बॉलच्या स्पायरोमीटरचे दोन बॉल वर नेत होते. दुखतं म्हणून खोकला दाबला तर खालचं फुफ्फुस पुन्हा बसतं. ताप तिसऱ्या दिवशी गेला तो गेलाच. एक-एक करून नळ्या निघाल्या. औषध नंतर अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्यांवर आणलं, एकूण चार आठवडे. घरी जायच्या आधी दाढांची मुळं काढून घेतली आणि मिश्रीची डबी मुलाच्या हवाली झाली.

आवरणाच्या रिपोर्टात पुवाची सूज होती, टीबीच्या गाठी कुठंच नव्हत्या. सीबीनॅट निगेटिव्ह. लिक्विड कल्चर ४२ दिवस ठेवतात. ते निगेटिव्ह आलं तेव्हा भाऊ घरीच होते. त्या दिवशी क्षयरोग केंद्राला अंतिम पत्र गेलं आणि टीबीची नोंद बंद झाली.

तीन महिन्यांनी

भाऊ तपासणीला आले तेव्हा वजन सात किलो वाढलं होतं. एक्स-रेमध्ये उजवा खालचा कोपरा थोडा बोथट, तो तसाच राहील आणि त्यानं काही बिघडत नाही. फुफ्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ७८ टक्के. एचबीए१सी ७.१, इन्सुलिन थांबवून गोळ्यांवर. छेदाच्या पुढं, छातीच्या कडेला हातभर पट्टा बधिर आहे, बरगडीखालची नस दुखावल्यामुळं. बहुतेकांचा तो काही महिन्यांत कमी होतो.

त्यांचा एकच प्रश्न होता, एप्रिलच्या खरड छाटणीत काम करू का. छाटणी करा, पाठीवरचा पंप अजून दोन महिने नको, फवारणीच्या वेळी मास्क लावा, असं सांगितलं. न्यूमोकॉकसची लस दिली. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी, दातांची तपासणी त्याच्या आधी.